एक जास्तीचा न

१

गुरुवारी सकाळी मी अंगणात ज्वारी निवडत बसले होते. महांतप्पाची गायत्री अनवाणी पळत आली आणि माझ्या नाकासमोर मोबाईल धरून म्हणाली, "बाई, मी नको म्हणाले म्हणं! मी!"

"आधी बस. पाणी पी. मग कोण कुणाला काय नको म्हणालं ते कर्ता, कर्म जागेवर ठेवून सांग."

मी नागूबाई. एकतीस वर्षं सास्तूरच्या शाळेत मराठी शिकवलं. गायत्रीला शिकवलं, तिच्या बापालाही शिकवलं. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण गावात काही हरवलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, की लोक अजून माझ्याकडेच येतात. मला दुसऱ्याच्या चुका शोधायची खोड आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.

गायत्रीची गोष्ट गावाला पाठ होती. भूकंपात महांतप्पाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हा फ्रान्सहून ओदिल नावाची नर्स आली, पत्र्याच्या शेडमध्ये आठ महिने राहिली आणि त्याला कृत्रिम पाय मिळवून देऊन गेली. पण नातं सोडलं नाही. दर रविवारी तिचा फोन येतो. गायत्री बोबडं बोलायची तेव्हापासून त्या मादामशी बोलत आली. घरात कानडी, शाळेत मराठी आणि रविवारी फ्रेंच! मादामच्या गावात कृत्रिम हातपाय करायची मोठी संस्था आहे. तिथं भारतातल्या एका उमेदवाराला शिकायला बोलावणार होते आणि गायत्रीचं नाव यादीत पहिलं लागलं होतं.

"सहा महिने राहणार का, लेखी कळवा म्हणाले," गायत्री सांगू लागली. "सहा महिन्यांत नुसतं बघायला मिळतं, बाई. दोन वर्षं राहिलं तर स्वतःच्या हातानं पाय करायला शिकवतात. अप्पांचा पाय चौथ्यांदा झिजलाय. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या दारात जायचं, मापं द्यायची, महिनोन्‌महिने थांबायचं. मला तो इथं सास्तुरात करायचाय. म्हणून मी लिहिलं, सहा महिने चांगलेच, पण मला जास्त पाहिजे."

"मग?"

तिनं उत्तर वाचून दाखवलं. तुम्हाला आता यायचं नाही हे वाचून आम्हाला वाईट वाटलं. शुक्रवारी दुपारी तुमची जागा यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला देत आहोत. खाली तिचंच पत्र डकवलेलं होतं.

"हे बघा. मी लिहिलं होतं 'जां व्हे प्ल्यूस'. जास्त पाहिजे. आणि इथं झालंय 'ज नां व्हे प्ल्यू'. मला आता नको! मधी एक न घुसडलाय, बाई. एकच अक्षर. हे मी लिहिलेलं न्हाय."

मला फ्रेंचचं ओ की ठो कळत नाही. पण एका न नं होत्याचं नव्हतं होतं, हे मराठी शिकवणाऱ्या बाईला कुणी सांगायला नको. मी हातातलं सूप खाली ठेवलं.

"शुक्रवार म्हणजे उद्याच की गं!"

२

पत्र गेलं कसं, ते आधी विचारून घेतलं. धाराशिवला रणधीर सरांचा फ्रेंचचा वर्ग आहे. गायत्री दर शनिवारी तिथं लिहायला शिकायला जायची, कारण बोलता फाडफाड येत होतं पण लिहायच्या नावानं शिमगा. शनिवारी तिनं वहीत कच्चं लिहिलं, वर्गातल्या संगणकावर उतरवलं आणि पाच वाजताची एसटी चुकेल म्हणून निघून आली. सगळ्यांची पत्रं तिथंच असतात, सर एकदा नजर घालून संध्याकाळी पाठवतात.

"संगणकाला कुलूप? पासवर्ड का काय ते?"

"फळ्यावरच लिहिलेला असतो."

धन्य! म्हणजे कुणीही यावं आणि टिकली मारून जावं.

"तू जाऊ नयेस असं कुणाला वाटतं?"

तिनं मोबाईल खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "यादीत दुसरं नाव राजेश्वरीचं आहे. येडशीची. माझ्याच वर्गात आहे." आणि आणखी हळू म्हणाली, "अप्पा पण हल्ली जेवत न्हाईत नीट."

महांतप्पाचं कापडाचं दुकान माझ्या घरापासून चार पावलांवर. तो मशीनवर परकर शिवत होता. मी विषय काढला तशी त्यानं मान वर केली नाही.

"म्या कशाला अडवू, बाई? पोरगी शिकंल, मोठी हुईल. आमी काय वाईट चितणार व्हय?"

"दोन वर्षं म्हणतेय ती."

"दोन वरीस लई हुतंय," तो म्हणाला, आणि शिवण वाकडी गेली.

"शनिवारी कुठं होतास?"

"हितंच. दुकानात. दिसभर."

महांतप्पा चौथीत असतानासुद्धा खोटं बोलला की उजवा कान खाजवायचा. आज त्यानं कान खाजवला. मी दुकानातून बाहेर पडले. मल्लिनाथची जीप बोलावली आणि गायत्रीला म्हणाले, वही घे, चल येडशीला. आज वर्ग चारला उघडतो, तोवर त्या राजेश्वरीला बघू.

मल्लिनाथ गावातलाच. चाळिशी ओलांडलेला, शब्दाला महाग. माझाच विद्यार्थी, पण माझ्याशी कधी दोन वाक्यांवर बोलत नाही. का बोलत नाही ते मला माहीत आहे. ते पुढं सांगेन.

धाराशिव मागं पडल्यावर गायत्रीचा डोळा लागला, तेव्हा मी सहज म्हणाले, "शनिवारी गायत्री एसटीनं गेली होती. तू कुठं होतास रे?"

"धाराशिवला. भाडं हुतं."

"कुणाचं?"

त्यानं आरशात बघून पोरगी झोपल्याची खात्री केली. "महांतप्पा काकाचं. त्या फ्रेंचच्या वर्गाच्या दारात सोडलं म्या. सांगू नको म्हनले हुते."

३

राजेश्वरीचं घर येडशीच्या स्टेशनाजवळ. तिची आई धुरपदाबाई दारात शेंगा फोडत होती. आम्हाला बघून तिनं पाट दिले, पाणी दिलं. राजेश्वरी बाहेर आली आणि गायत्रीचा चेहरा बघून जागीच थबकली.

मी आडपडदा ठेवला नाही. काय झालं ते सांगितलं. ऐकता ऐकता पोरीचा चेहरा लालबुंद झाला.

"म्हणजे मी केलं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काही म्हणत नाही. विचारते."

"मला जागा पाहिजे, खोटं कशाला बोलू? रोज देवाला म्हणते, मिळू दे म्हणून. पण अशी? दुसऱ्याचं ताट ओढून?" तिचा आवाज फाटला. "आणि मला गरज काय? परीक्षेत लेखीला मीच पहिली आहे. गायत्री बोलते भारी, मान्य आहे. पण लिहिताना अर्धी अक्षरं खाते. सर तिची वही लाल करून देतात. माझ्या पत्राला सरांनी हातसुद्धा लावला न्हाय! एक बी चूक नव्हती त्यात!"

असं म्हणून तिनं दाराच्या चौकटीवर हात आपटला. काचेची हिरवी बांगडी फुटून तुकडे खाली पडले.

"अगं अगं, बांगडी वाढली की!" धुरपदाबाई शेंगा टाकून उठली. "लागलं का? दाखव हात."

मी उठायला म्हणून हात टेकला होता, तो तसाच राहिला.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"बांगडी वाढली म्हनलं," धुरपदाबाई गोंधळली. "फुटली कसं म्हनावं, बाई? सवाष्णीच्या घरात?"

बरोबर होतं तिचं. फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. आता हेच वाक्य कुणी परक्यानं कागदावर वाचलं तर काय समजेल? म्हणेल, या बाईची एक बांगडी वाढली, म्हणजे आता जास्त झाली!

"गायत्री," मी म्हणाले, "खरं सांग. तुझ्या त्या वाक्यात न नसता, तरीसुद्धा कुणी 'नको' असं वाचलं असतं का?"

गायत्री वही उघडून त्या वाक्याकडं बघायला लागली.

४

जीपमध्ये बसल्यावर तिला वाचा फुटली.

"वाचलं असतं, बाई! फ्रेंचमध्ये 'नाही' म्हणायला दोन शब्द लागतात. क्रियापदाच्या पुढं एक न, मागं दुसरा शब्द. गाडीला दोन बैल असतात तसे. पण हे पुस्तकात. बोलताना पुढचा बैल सोडूनच देतात. मादाम कधीच न म्हणत नाहीत. त्यांच्या गावात कुणीच म्हणत नाही. मागच्या शब्दावरून कळतं, नाही म्हणतोय ते."

"आणि हा प्ल्यूस?"

"त्याचं वाईट आहे. 'जास्त' पण तोच आणि 'आता नको' पण तोच. बोलताना कळतं. जास्त असेल तर शेवटचा स ठणठणीत म्हणायचा, प्ल्यूस. नको असेल तर स गिळायचा, प्ल्यू. पण लिहिताना दोन्हीकडं स असतोच." ती कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "मी लिहिताना मनात स म्हणत होते, बाई. कागदाला तो ऐकू येत न्हाय, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाय!"

"वही दे."

मी चष्मा लावला. वहीतलं कच्चं पत्र मांडीवर आणि मोबाईलमधलं गेलेलं पत्र हातात. भाषा कळायची गरज नव्हती. एकतीस वर्षं मी अक्षराला अक्षर लावून बघत आले आहे. पहिली ओळ सारखी. दुसऱ्या ओळीत मी थांबले.

"इथं वहीत न नाही. मोबाईलमध्ये आहे. ही ओळ काय म्हणते?"

"मला अजून नीट लिहिता येत नाही."

"पाचव्या ओळीत तेच. एक न वाढलाय."

"घरून काही अडचण नाही." तिनं वाकून बघितलं. "अय्या! हा पण मी लिहिलेला न्हाय."

"आणि तिसरा तुझ्या प्ल्यूसच्या वाक्यात. म्हणजे न एक नाही, तीन आहेत. आता मला सांग, तुझं वाटोळं करायला कुणी आलं, तर तो एक न घालून पळ काढेल, का बसून तिन्ही जागा नीट दुरुस्त करेल? ज्या दोन जागांनी अर्थ बदलत नाही, तिथंसुद्धा?"

गायत्री बोटानं तिन्ही न पुन्हा मोजू लागली.

"महांतप्पाला फ्रेंच येत नाही. तो एकही न घालू शकत नाही. राजेश्वरीला वैर साधायचं असतं तर एक पुरला असता. तीन न हे वैऱ्याचं काम नव्हे, पोरी. हे मास्तराचं काम आहे. राजेश्वरीनं आपल्याला सांगितलंसुद्धा. तिच्या पत्राला हात लावला नाही, कारण त्यात चूक नव्हती. म्हणजे ज्यात चूक दिसली, त्याला हात लावला."

"पण सर असं का करतील? सरांनीच माझा अर्ज भरला होता!"

"म्हणूनच," मी म्हणाले. माझी नजर पुढच्या सीटकडं गेली. मल्लिनाथ समोर रस्त्याकडं बघत गाडी चालवत होता.

५

रणधीर सर वर्ग झाडत होते. पन्नाशीचा सडपातळ माणूस. पुण्याहून टपालानं धडे मागवून फ्रेंच शिकलेला. अठरा वर्षं शिकवतोय, पण फ्रान्स पाहिलेलं नाही आणि फ्रेंच माणूस समोर बसून बोललेला नाही. आम्हाला बघून हसले, खुर्च्या पुढं केल्या.

मी वही आणि मोबाईल त्यांच्यापुढं ठेवला. तीन ठिकाणी बोट ठेवलं.

"हे तुमचे का?"

"हो. माझेच," ते अभिमानानं म्हणाले. "तिला किती वेळा सांगितलं, न खाऊ नकोस. त्या लोकांना वाटेल, आमच्या जिल्ह्यातल्या पोरींना व्याकरण येत नाही. म्हणून पत्र पाठवताना तेवढे घातले." मग त्यांनी आमचे चेहरे बघितले. "का? काय झालं?"

गायत्रीनं सांगितलं. सांगताना तिनं तो शब्द दोन्ही प्रकारे उच्चारला. एकदा स घेऊन, एकदा गिळून. सर खाली बसले.

"मला वाटलं तू नकोच म्हणतेयस. प्रत्येक वाक्यात तू न खातेस, इथंही खाल्ला असणार..."

"पण सर, मी नको कशाला म्हणेन? विचारायचं तरी मला!"

"शनिवारी दुपारी, तू वर्गात यायच्या आधी, तुझे वडील आले होते," सर म्हणाले. "मला म्हणाले, मादामला फोनवर एक वाक्य बोलायचंय, शिकवा. 'माझी लेक तुमच्या पदरात टाकतो.' चार वेळा म्हणून बघितलं आणि पाचव्या वेळी रडायला लागले. तू जाऊ नयेस असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. नुसते रडले. संध्याकाळी तुझं पत्र उघडलं, तर 'आता नको'. मला वाटलं, पोरीनं बापाचे डोळे बघून मन मारलं. त्यावर मी आणखी काय विचारणार होतो?"

गायत्री रडत होती, पण रागानं नव्हे.

"मी आयुष्य बुडवलं तुझं," सर म्हणाले. "अठरा वर्षं शिकवून मला एक शब्द वाचता आला नाही."

इथं मला बोलावंच लागलं.

"सर, ऐका. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आमची शाळा भरायची. निबंध दिला होता, माझी आई. एका पोरानं लिहिलं, 'आई येते म्हणाली आणि मावशीच्या गावाला गेली.' तिथंच घर पडून गेली ती बाई. मी काय केलं सांगू? लाल पेनानं 'येते' खोडलं आणि वर 'जाते' लिहिलं. म्हटलं, गेली तर 'जाते'च म्हणायला पाहिजे, वाक्य जुळत नाही. बायका निघताना काय म्हणतात, मला माहीत नव्हतं का? मीसुद्धा तेच म्हणते की! पण हातात पेन आला की कान बंद होतात आपले. त्या पोरानं पुन्हा कधी निबंध लिहिला नाही. तीस वर्षं होऊन गेली. तो बाहेर जीपमध्ये बसलाय आणि मला त्याची माफी मागायचा धीर झालेला नाही. तुमची चूक अजून निस्तरता येते. उठा!"

सरांनी डोळे पुसले आणि घाईघाईनं कागद ओढला. "मी लगेच सविस्तर पत्र लिहितो. खुलासा, क्षमायाचना..."

"अजिबात नाही!" मी कागद काढून घेतला. "कागदानं घातलेला घोळ आहे, तो तोंडानंच सुटेल. गायत्री, लाव फोन."

६

आमच्याकडं साडेचार वाजले होते, तिकडं दुपार. फोन आधी मादामला लागला, मादामनं संस्थेच्या संचालक बाईंना जोडून घेतलं. त्या बाईंचा आवाज कोरडा होता. पहिली दोन वाक्यं तिनं पुस्तकातल्यासारखी अडखळत म्हटली, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, एकदम रविवारची गायत्री झाली. भराभर, हात हलवत. मला त्यातला फक्त एक शब्द कळला. तो तिनं तीनदा म्हटला, आणि तिन्ही वेळा शेवटचा स असा काढला की भिंतीवरची पाल पळाली.

मग संचालक बाईसुद्धा तोच शब्द म्हणाल्या, स सकट. आणि तिघी एकदम हसायला लागल्या.

मी सरांकडं बघितलं. ते फोनकडं कान लावून, ओठ हलवत उभे होते. "बाई," ते हळूच म्हणाले, "त्या काय बोलतायत, मला निम्मं कळत नाही." आणि थोडं थांबून म्हणाले, "किती गोड बोलतात हो!"

जागा राहिली. दोन वर्षांसाठी राहिली. रात्रीच्या आत राजेश्वरीला फोन करून मी स्वतः क्षमा मागितली. ती म्हणाली, क्षमा नको, गायत्रीला मला बोलायला शिकवायला सांगा, मी तिला लिहायला शिकवते, पुढच्या वर्षी माझा नंबर आहे. महांतप्पाचा कान मात्र मी दुकानात जाऊन धरला. पन्नास वर्षांचा गडी, पण माझ्यापुढं चौथीतलाच. "रडायचं तर लेकीसमोर रड," मी म्हटलं. "परक्याच्या वर्गात कशाला?" त्यावर तो तिथंच रडला.

सव्वा महिन्यानं गायत्री निघाली. मल्लिनाथच्या जीपमधून सोलापूरपर्यंत, पुढं रेल्वेनं मुंबई. अर्धं गाव दारात. तिनं बापाच्या पाया पडताना त्याच्या नकली पायालाही हात लावला. मग माझ्याकडं आली. पोरगी पार भांबावलेली, डोळे सुजलेले.

"जाते, बाई," ती म्हणाली.

"जाते न्हाय म्हनायचं." आवाज जीपमधून आला. मल्लिनाथ स्टेअरिंगवर हात ठेवून माझ्याकडं बघत होता, पोरीकडं नव्हे. "येते म्हन. बरोबर हाय का न्हाय, बाई?"

त्या दिवशी रणधीर सरांच्या वर्गाचं दार उघडंच होतं आणि जीप दारात उभी होती, हे मला तेव्हा आठवलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. मला पुढचं दिसेनासं झालं. "तेव्हाही बरोबरच होतं, मल्लिनाथ. माझंच चुकलं होतं."

त्यानं मान हलवली आणि गाडी सुरू केली. गायत्री खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडत होती, "येते बाई! येते अप्पा!" आणि जीप वळणावर गेली तेव्हा मल्लिनाथनंसुद्धा खिडकीतून हात बाहेर काढला.

"येतो, बाई," तो म्हणाला.